कागलात एक मृत्युदर, निपाणीत दुसरा, असं कसं?

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मॅडम, महाराष्ट्रातलं कागल आणि आमची निपाणी यांत अंतर वीसेक किलोमीटर. बाजार एक, सोयरीक एक. तरी कोरोनाचा मृत्युदर महाराष्ट्रात १.८ टक्के आणि कर्नाटकात १ टक्का, हे कसं? आमच्या चार हजार वस्तीच्या गावात २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत १९ माणसं गेली. सरकारी यादीत तीनच आहेत. पॉझिटिव्ह ११० निघाले होते. मग खरा मृत्युदर कुठला धरायचा? आणि 'आर' एकच्या खाली आला असं पेपरात छापून येत होतं, त्याच आठवड्यात आमच्याकडं तीन तिरड्या उठल्या. मग तो आकडा कशाचा होता?"

मी आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं काढली. शेवटची काही वर्षं साथरोग सर्वेक्षणात होते, म्हणजे रोज संध्याकाळी फोनवर आकडे गोळा करायचे, जुळवायचे आणि वर पाठवायचे. त्यामुळं जे सांगते ते बहुतेक त्या वह्यांतून शिकलेलं आहे.

तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण दुखणं एकच आहे. कुठलाही दर म्हणजे भागाकार. वर कोण मेले, खाली कुणांपैकी मेले. वरची आणि खालची माणसं एकाच गोटातली हवीत आणि काळही एकच हवा. एवढं पाळलं तर निम्मे वाद संपतात. सीमाभागात नेमकं हेच पाळणं सगळ्यात अवघड, त्याकडं येतेच.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत 'मृत्युदर' हा एक शब्द तीन कामं करतो. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती मेले, तो एक. लागण झालेल्या सगळ्यांपैकी, म्हणजे ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांनाही धरून किती मेले, तो दुसरा. आणि एकूण लोकसंख्येपैकी किती मेले, तो तिसरा. पेपरवाले तिन्हींना मृत्युदर म्हणतात आणि व्हॉट्सॲपवर तिघांची कुस्ती लागते. मी इथं पहिल्याला 'रुग्णांतला दर', दुसऱ्याला 'लागणीतला दर' आणि तिसऱ्याला 'गावातला दर' म्हणते.

आता तुमचंच गाव घेऊ. ११० पॉझिटिव्ह आणि यादीतले ३ मृत्यू, म्हणजे रुग्णांतला दर २.७ टक्के. पण लागण खरंच ११० जणांनाच झाली होती का? आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२१ च्या जून-जुलैमध्ये देशभर रक्त तपासलं तेव्हा सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं (अँटिबॉडी, लागणीची रक्तात उरणारी खूण) सापडली. त्याआधी, २०२० च्या सप्टेंबरात, कर्नाटक सरकारनं राज्यात तशीच पाहणी केली होती. तीत सुमारे २७ टक्के लोकांना लागण झालेली दिसली आणि एका नोंदलेल्या रुग्णामागं अंदाजे चाळीस लागणी निघाल्या. तेव्हा तुमच्या गावात समजा ६० टक्के, म्हणजे २४०० जणांना लागण होऊन गेली. यादीतले तीन मृत्यू याच्यावर ठेवले की दर होतो ०.१३ टक्का. बघा, तेच गाव आणि तेच तीन मृत्यू, पण दर वीसपट उतरला. व्हॉट्सॲपवर 'साधा फ्लू होता' म्हणणारे हा दुसरा आकडा दाखवत होते, आणि घाबरवणारे पहिला. दोघांचाही भागाकार बरोबर होता.

पण वरचे तीन तरी खरे आहेत का? तुम्ही म्हणता १९ गेले. आपल्याकडं साधारण वर्षात दर हजारी सहा-सात माणसं एरवीही जातात. चार हजारांच्या गावात सातच्या हिशेबानं वर्षाला २८, म्हणजे दोन महिन्यांत साडेचार-पाच. १९ मधून ५ वजा केले की १४ उरतात. हे 'जादा मृत्यू'. १४ ला २४०० नी भागलं तर लागणीतला दर ०.५८ टक्का येतो आणि गावातला दर ०.३५ टक्का.

इथं मी एक लबाडी केली, तुमच्या लक्षात आली का? प्रतिपिंडं २०२० पासूनच्या सगळ्या लागणी दाखवतात आणि मृत्यू मात्र मी दोनच महिन्यांचे घेतले. वरचा काळ वेगळा, खालचा वेगळा. २०२० च्या श्रावण-भाद्रपदात जे गेले तेही वर धरले पाहिजेत. शिवाय जून-जुलैच्या रक्तात लशीमुळं तयार झालेली प्रतिपिंडंही होती, ती खालून वजा केली पाहिजेत. या दोन्ही दुरुस्त्या दर थोडा वरच नेतील. किती, ते तुमच्या गावातल्या २०२० च्या मृत्यूंवर आणि तोवर किती जणांना लस मिळाली होती त्यावर ठरेल.

रक्ततपासणीवरही डोळे मिटून विसंबू नका. साथीच्या सुरुवातीला, हजारांत दहाच जणांना लागण झालेली असताना, शंभरात दोन निरोग्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवणारी चाचणी वापरली तर खरे दहा आणि खोटे वीस निघतात. लागण तिप्पट दिसते आणि लागणीतला मृत्युदर एक तृतीयांश होतो. उलट बाजूनं, लागण होऊन बरेच महिने उलटले की काहींची प्रतिपिंडं उतरतात आणि लागण कमी दिसते. चांगल्या पाहणीत हे दोन्ही हिशेबात धरतात. बातमीत धरत नाहीत.

वयाचं एक सांगून पुढं जाते, कारण याविना दोन गावांची तुलना करायला मी कुणाला देत नाही. श्रीमंत देशांतल्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज असा, की लस नसताना लागणीतला दर पंचावन्न वर्षांच्या माणसाला ०.४ टक्का, पासष्टला १.४ आणि पंचाहत्तरला ४.६ टक्के. ज्या गावातली तरणी पोरं पुण्या-मुंबईला आणि गोव्याला असतात आणि म्हातारी घर राखतात, तिथला दर साखर कारखान्याजवळच्या कामगारवस्तीपेक्षा जास्त निघणारच. त्यासाठी विषाणू वेगळा असावा लागत नाही.

आता कागल आणि निपाणी. 'विषाणूला सीमावाद कळत नाही' हे वाक्य मीही भाषणांत वापरलंय. पण नोंदवहीला तो चांगला कळतो.

आपल्या देशात १९६९ च्या कायद्यानं मृत्यू जिथं घडला तिथंच नोंदवायचा असतो, माणूस राहत होता तिथं नाही. निपाणीचा माणूस कोल्हापुरात दवाखान्यात गेला की नोंद कोल्हापुरात. कर्नाटकातल्या अथणी-कागवाडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला दाखवायला जातात, त्यांची नोंद मिरजेला. उलट महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट बेळगावात येतो आणि इथल्या नोंदीत बसतो. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनानं दिल्लीत गेले. निवडून बेळगावातून आलेले, पण मृत्यूची जागा दिल्ली. मंत्र्याच्या बाबतीत हे सगळ्या देशाला ठाऊक असतं. तुमच्या गावातल्या पंढरीनाथाच्या बाबतीत ते घरच्यांना आणि तिथल्या कारकुनाला.

कोरोनाच्या यादीत ही फट बुजवायला एक सोय होती. ज्या जिल्ह्यात पॉझिटिव्ह निघाला तिथून त्याच्या राहत्या जिल्ह्याला कळवायचं. एका राज्यात हे बऱ्यापैकी चालायचं. राज्य ओलांडलं की ईमेल, मग फोन, मग आठवण, मग परत फोन. मधल्या काळात तोच माणूस कधी दोन्हीकडं मोजला जायचा, कधी कुठंच नाही.

आणि नावं! याची गंमत बाहेरच्यांना पटत नाही. आपल्या माणसाचं नाव मराठी, आधार कार्डावर कन्नड आणि इंग्रजी, दवाखान्याच्या कॉम्प्युटरात नुसतं इंग्रजी. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रातला कारकून डी-एन-वाय लिहून सुरू करतो आणि आमच्याकडचा जे-एन लिहून. कॉम्प्युटरच्या लेखी ही दोन माणसं. त्यात कुणी आडनाव आधी लावतं, कुणी गावाचं नाव आडनाव म्हणून लावतं. याद्या जुळवताना शेवटी आम्ही नाव सोडून दिलं आणि वय, गाव आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे यांवर जुळवायला लागलो. तरी पन्नाशीच्या पुढच्या बायकांचा मोबाईल नंबर बहुतेक मुलाचा किंवा जावयाचा निघायचा.

मग १.८ आणि १ यातला फरक निव्वळ नोंदीचा का? तसंही मी म्हणणार नाही. लोकसंख्येवर काढलं तरी २०११ च्या जनगणनेच्या हिशेबानं महाराष्ट्रात लाखामागं साधारण १३० नोंदलेले कोरोना मृत्यू येतात आणि कर्नाटकात ६५ च्या आसपास. म्हणजे इथंही दुपटीचाच फरक. त्यातला काही खरा असणार, कारण मुंबई-पुण्यात साथ लवकर आणि जोरात आली. काही मोजणीचा आहे, कारण महाराष्ट्रानं २०२१ च्या जूनमध्ये मागं राहिलेले हजारो मृत्यू याद्या ताडून नंतर जोडले. किती टक्के खरा आणि किती मोजणीचा हे या दोन आकड्यांतून निघत नाही, आणि निघतं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण एक नक्की: राज्याची सरासरी घेऊन कागल आणि निपाणीची तुलना होत नाही. ते दोन तालुके एकमेकांना जितके जवळ आहेत तितके आपापल्या राजधानीला नाहीत.

म्हणून साथीचा खरा घाव मोजायचा तर मी कारणाच्या रकान्याकडं आधी बघत नाही, एकूण मृत्यूंकडं बघते. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले २२.५ टक्केच होते. बाकीच्यांचं कारण घरच्यांनी सांगितलेलं. त्या दिवसांत 'कोरोना' सांगितलं तर अंत्यविधीची पंचाईत, म्हणून दम्यानं, हार्टानं, तापानं. मेला एवढं मात्र कुणी लपवत नाही, उशिरा का होईना नोंद होते. देशात २०१९ मध्ये ७६ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. २०२१ मधली वाढ एकवीस लाखांची, आणि त्या वर्षी कोरोनाचे म्हणून जाहीर झालेले सव्वातीन लाखांच्या आसपास. यातली थोडी वाढ नोंदणी सुधारल्याची आणि लोकसंख्या वाढल्याची असणार, तेवढी सोडून द्या. उरते तीही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०-२१ या दोन वर्षांसाठी भारतात ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. सरकारनं तो पद्धतीवर बोट ठेवून नाकारला. पद्धतीवरचे काही आक्षेप गंभीर आहेत. तरी ज्यांनी गावोगावच्या वह्या चाळल्यात त्यांना जाहीर आकडा पुरेसा वाटत नाही, आणि मीही त्यांच्यातलीच.

ही पद्धत नवी नाही. १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूची साथ, आली तेव्हा कुठली चाचणी होती? बेळगाव मुंबई इलाख्यात, कोल्हापूर संस्थान वेगळं, म्हणजे तेव्हाही मध्ये सीमा होतीच. गावकामगारांनी नोंदवलेले मृत्यू एरवीपेक्षा किती वाढले यावरूनच देशात एक ते दोन कोटी माणसं गेल्याचे अंदाज निघाले. १९२१ च्या जनगणनेत दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटलेली निघाली. कुणाचंही कारण न विचारता एवढं कळलं.

तुमच्या गावाचा हिशेब तुम्हीच करू शकता, आणि तो तालुका कचेरीपेक्षा चांगला होईल. घरोघर जा. 'कोरोनानं कोण गेलं?' असं विचारू नका, त्यानं गप्प बसतात. 'घरात कोण कोण गेलं आणि कधी?' एवढंच विचारा. तारखा आठवत नाहीत, सण आठवतात: लॉकडाऊनच्या आधीची दिवाळी, त्यानंतरचा बेंदूर, २०२१ चा पाडवा, गावची म्हाई. २०१८ आणि २०१९ मध्ये कोण गेलं तेही त्याच बैठकीत विचारा. नाहीतर तुमचे पाच हे माझ्यासारखे सरासरीवरून धरलेले राहतील, आणि लहान गावात सरासरी फसवते. जिथं पाच अपेक्षित आहेत तिथं एखाद्या साध्या वर्षीही दोन होतात, कधी नऊ होतात. एकोणीस मात्र योगायोगानं होत नाहीत. मृत्यू कुठं झाला ते वेगळ्या रकान्यात लिहा: घरी, निपाणीत, कोल्हापुरात, मिरजेत, बेळगावात. मग ती यादी तलाठ्याकडच्या नोंदीशी ताडा. कोल्हापूर-मिरजेचे त्यात नसतील, घाबरू नका, त्यांचे दाखले घरात असतात. केंद्राच्या २०२१ च्या नियमानं तपासणीपासून तीस दिवसांत झालेला मृत्यू, दवाखान्याबाहेर झाला तरी, कोरोनाचा धरायचा होता आणि त्यावर पन्नास हजारांची मदत होती. त्यामुळं पुष्कळ घरांत कागद एका पिशवीत नीट ठेवलेले सापडतील. पण लक्षात घ्या, जिथं रिपोर्ट होता तिथंच पिशवी आहे. ज्यांची तपासणी झाली नाही ते त्या वाटेनंही सापडणार नाहीत.

आता 'आर'. हा आकडा म्हणजे एक लागण झालेला माणूस सरासरी किती जणांना लागण देतो. एकच्या वर असेल तर साथ चढते, खाली असेल तर उतरते. सरासरी या शब्दावर जोर द्या. बहुतेक जण कुणालाच देत नाहीत आणि थोडे जण एका मांडवात वीस जणांना देतात. लोक मला विचारतात, १७ एप्रिल २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीनं किती लागणी झाल्या? त्याच आठवड्यात पाडवा होऊन गेला होता, लग्नसराई होती, मुंबईहून परतणारे होते. एकाचा वाटा वेगळा काढायला जी माहिती लागते, म्हणजे कुणापासून कुणाला, ती तोवर कुणी गोळा करत नव्हतं. पहिल्या लाटेत सरकारच्या रोजच्या बुलेटिनमध्ये प्रत्येक पेशंटला 'पी' नंबर असायचा आणि कुणाचा संपर्क कोण ते लिहिलेलं असायचं. संख्या वाढली तसं ते लिहिणं संपलं.

'आर' मोजतात तो लागणीवरून, आणि लागण दिसत नाही. दिसतात ते रिपोर्ट. लागण ते लक्षण पाचेक दिवस, मग तपासणी, मग रिपोर्ट यायला आणखी काही दिवस. आणि जे वारतात ते लक्षणांनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा 'आर' खाली आल्याची बातमी खरी असली तरी त्या आठवड्यातल्या तुमच्या तीन तिरड्या आधीच्या लागणींच्या होत्या. याच उशिरामुळं साथ चढत असताना रुग्णांतला दर फसवा कमी दिसतो. २००३ च्या सार्स साथीत सुरुवातीला तो ३-४ टक्के म्हणत होते. शेवटी ८०९६ रुग्णांत ७७४ मृत्यू भरले, म्हणजे साडेनऊ टक्के. रोग बदलला नव्हता, अंथरुणावरच्यांचा निकाल लागायचा होता.

पण बातमी खरी नसेल अशीही शक्यता असते, आणि इथं माझीच चूक सांगते. २०२१ च्या मेमध्ये एका बैठकीत मी छातीठोकपणे सांगितलं, आकडे पाच दिवस उतरताहेत, शिखर गेलं. तसं काही नव्हतं. एका प्रयोगशाळेत नमुने तुंबले होते. सहाव्या-सातव्या दिवशी ते एकदम निघाले आणि माझा उतार चढ झाला. तेव्हापासून मी रिपोर्टच्या तारखेचा आलेख बघत नाही. लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेचा मागते, आणि त्यातलेही शेवटचे आठ-दहा दिवस हातानं झाकून बघते, कारण ते अजून भरलेले नसतात.

शंभर तपासण्यांत किती पॉझिटिव्ह, हा आकडाही सीमेवर बिघडतो. २०२१ च्या फेब्रुवारीपासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कोगनोळी नाक्यावर ७२ तासांतला निगेटिव्ह आरटीपीसीआर दाखवावा लागायचा. मग खोकला नाही, ताप नाही, अशी धडधाकट माणसं केवळ कागदासाठी नमुना देऊ लागली. त्यांनी तपासण्या फुगल्या, पॉझिटिव्हचं प्रमाण उतरलं आणि कुणीतरी वर कळवलं की साथ आवरतेय. मी नाक्यासाठीच्या तपासण्या वेगळ्या काढायला सांगायचे. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

अशा वेळी मी काय बघायचे? ऑक्सिजन लागलेले नवे पेशंट, या आठवड्यात किती आणि मागच्या आठवड्यात किती. एवढाच भागाकार. दम लागलेला माणूस तपासणीचा नियम बदलला म्हणून कमी-जास्त होत नाही. तोही निर्दोष नव्हता. बेड संपले की आकडा तिथंच थिजतो आणि बेळगावात खाट नाही म्हणून माणूस कोल्हापूरला जातो, म्हणजे पुन्हा आपण नाक्यावर. म्हणून मी दोन-तीन आशाताईंना रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, आज कुठं गाडी बोलावली आणि ती कुठल्या दिशेनं गेली. मिरजेकडं जाणाऱ्या गाड्या वाढल्या की मला बुलेटिनच्या आधी कळायचं.

तुमची यादी झाली की मला सांगा, पण १९ नावांबरोबर आणखी एक आकडा लागेल. त्या एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याहून परतलेली किती माणसं गावात राहत होती? ती चार हजारांत धरलीत का? नसतील आणि १९ मध्ये मात्र त्यांच्यातले कुणी असतील, तर वरचा गोट वेगळा आणि खालचा वेगळा झाला. रेशनकार्डावर नाव आहे म्हणून मोजू नका. त्या दोन महिन्यांत जो खरोखर गावात जेवत होता, तोच वरही धरा आणि खालीही.